काकूंच्या टेबलावरचं मशीन

कॉम्प्युटरचं नाव बघायला अर्धं मिनिट लागतं. कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडायची, होस्टनेम हा एक शब्द टाइप करायचा, एंटर मारायचा. खालच्या ओळीत मशीन आपलं नाव सांगतं. विंडोज असो, लिनक्स असो, नाहीतर मोठ्या लोकांकडचं मॅक असो, तिन्हीकडे तोच शब्द चालतो. श्रीवर्धन, म्हसळा, दिघी या पट्ट्यात मी वीसेक वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो आहे. हा शब्द किती वेळा टाइप केला ते सांगता येणार नाही. एकदा केला नाही, ते मात्र सांगता येतं, आणि तेच सांगायला बसलो आहे.

कॉम्प्युटरला नाव असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. नव्या मशीनला विंडोज स्वतःच एक नाव चिकटवून देतं. डेस्कटॉप, मग आडवी रेघ, आणि पुढे सात अक्षर-आकड्यांचा काला. ते कुणाच्या जिभेवर बसत नाही. ऑफिसात सात-आठ मशीनं एकमेकांना जोडली की यादीत असली सात-आठ नावं दिसतात आणि कुठलं कुणाचं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. म्हणून मी माझी एक सोय काढली होती. जो ज्या मशीनवर बसतो त्याला ऑफिसात ज्या नावानं हाक मारतात, तेच मशीनला द्यायचं. हेडक्लार्कना भाऊ म्हणतात, तर मशीन भाऊ. लायब्ररीतल्या बाईंना ताई म्हणतात, तर मशीन ताई. लोकांनाही गंमत वाटायची. 'भाऊ सकाळपासून हँग आहेत' असं तोंडावर म्हणायला मिळायचं, आणि भाऊंनाही हसावं लागायचं.

आमच्याकडे घरांना नावं अशीच पडतात, आणि एकदा पडली की सुटत नाहीत. मी राहतो ते घर माझ्या वडिलांनी विकत घेतलं त्याला चाळीस वर्षं होत आली. त्यांच्या आधी तिथे एक कंपाउंडर राहायचा. मी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, तरी आम्ही आजही कंपाउंडरकडचे. माझ्या लग्नाच्या पत्रिका वाटायला गेलो तेव्हा बायका आत वर्दी द्यायच्या, कंपाउंडरकडचं लग्न आहे म्हणून. घरामागच्या सुपारीच्या बागेला मामलेदाराची वाडी म्हणतात, आणि तिथे मामलेदाराचं एक झाड नाही. यात कुणाची फसगत होत नाही. नाव मागे राहतं आणि माणूस पुढे जातो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

मी ज्या कॉलेजची मशीनं सांभाळायचो ते एका ट्रस्टचं होतं. ऑफिसात सात मशीनं, शिक्षकांच्या खोलीत एक, प्राचार्यांच्या केबिनमध्ये एक. महिन्यातून दोन फेऱ्या, मध्ये काही बिघडलं तर फोन. ऑफिसातलं सगळ्यात जुनं माणूस म्हणजे काकू. प्राचार्यांपासून मुलांपर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत. म्हसळ्याच्या आतल्या बाजूच्या गावातल्या, भातशेतीच्या घरातल्या. नवरा मुंबईला कारखान्यात होता, तो अकाली गेला. मग त्या टायपिंग शिकल्या आणि कॉलेजात लागल्या. टाइपरायटरपासून कॉम्प्युटरपर्यंतचा सगळा प्रवास त्यांनी वहीच्या बळावर केला होता. मी काही नवं शिकवलं की पुठ्ठ्याची वही निघायची आणि त्यात ते तारखेसकट लिहिलं जायचं.

प्रश्नपत्रिका टाइप करणं, छापणं आणि सीलबंद करणं हे काम सव्वीस वर्षं काकूंकडे होतं. सव्वीस वर्षांत एक ओळ बाहेर गेली नव्हती. त्यांची पुतणी त्याच कॉलेजात शिकत होती तेव्हा परीक्षेच्या महिनाभर त्या घरात तिच्याशी अभ्यासाचं अक्षर बोलल्या नव्हत्या, असं तिथले हेडक्लार्क भाऊ कौतुकानं सांगत. मला त्या अरेतुरे करायच्या आणि उठताबसता टोमणे मारायच्या. "तू हायस तवर मशीन पळतंय. तू फाटकाच्या भायेर पडलास की बसलंच म्हणून समज." पण माझ्या फेरीचा दिवस लक्षात ठेवून डब्यात तांदळाची एक भाकरी आणि जवळ्याची चटणी जास्त आणायच्या.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत काकूंच्या टेबलावर नवं मशीन आलं. जुनं टाकून देण्यासारखं नव्हतं. मी ते पुसून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, कारण म्हाताऱ्या मशीनला लिनक्स झेपतं, आणि शिक्षकांच्या खोलीत बसवलं. लिनक्स टाकताना ते विचारतं, मशीनचं नाव काय ठेवायचं? माझ्या बोटांनी 'काकू' असं टाइप केलं. त्यात विचार असा काही नव्हता. ते काकूंचं जुनं मशीन होतं, सगळे त्याला काकूंचंच म्हणणार होते, आणि मलाही फोनवर तेच सांगितलं जाणार होतं.

नव्या मशीनवर विंडोजनं दिलेलं नाव तसंच होतं. काकू सुट्टीतही हजर होत्या. "ह्याचं नाव काय रे?" त्यांनी विचारलं. मी काळी खिडकी उघडून होस्टनेम टाइप करून दाखवलं. डेस्कटॉप, रेघ, आणि तो काला. काकूंनी चष्मा वर करून ते अक्षर अन् अक्षर वहीत उतरवून घेतलं.

"ह्ये काय नाव झालं? शिवी दिल्यासारखं वाटतंय."

"पुढच्या खेपेला बदलतो, काकू."

"तुझी पुढची खेप मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

त्यांना खरंच माहीत होतं. पुढच्या खेपेला मी विसरलो, त्याच्या पुढच्या खेपेलाही.

जानेवारीत बारावीच्या प्रिलिमचा पेपर फुटला. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात मुलं त्याच्या कॉप्या काढताना सापडली. मुंबईहून एक ट्रस्टी धावत आले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मला बोलावण्यात आलं. ऑफिसातल्या एका मशीनमार्फत प्रिंटर सगळ्यांना जोडलेला होता, आणि कुठल्या मशीनवरून केव्हा काय छापलं याची नोंद तिथे राहायची. ती काढून द्या, एवढंच माझं काम होतं.

मी नोंद काढली. शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटं. फाइल, बारावीचा पेपर. मशीन, काकू.

"हे काय आहे?" ट्रस्टींनी बोट ठेवून विचारलं.

"काकूंचं मशीन, सर."

"म्हणजे त्या क्लार्क बाई?"

"हो."

मी खोटं बोललो नाही, असं पुढे मी स्वतःला कितीतरी महिने बजावत होतो. ते काकूंचं मशीन होतंच. आमचं घर कंपाउंडरचं आहे, तितपत होतं. पण ट्रस्टी मुंबईचे. त्यांच्या लेखी नाव म्हणजे माणूस, आणि त्यांचं काय चुकलं? मशीनचं काम करणारा मी होतो. काकूंचं टेबल केबिनपासून दहा पावलांवर होतं. तिथे जाऊन तो एक शब्द टाइप करायला हवा होता. पण मला पलीकडे मुरूडच्या बाजूला एका रिसॉर्टचं काम होतं आणि दिघीहून आगरदांड्याला जाणारी फेरीबोट गाठायची होती. ती चुकली असती तर पुढची मिळाली असती. तासाभराचा प्रश्न होता.

"लिहून द्या," ट्रस्टी म्हणाले. मी लिहून दिलं. सदर प्रश्नपत्रिका कार्यालयातील लिपिक बाईंच्या संगणकावरून छापली गेल्याचे तपासणीत आढळले. खाली सही, पूर्ण नाव, दुकानाचा शिक्का. तपासणी हा शब्द लिहिताना माझा हात अडखळला नाही, याची मला आज लाज वाटते.

बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. त्या शनिवारी उशिरापर्यंत ऑफिसात त्या एकट्याच होत्या, म्हणून त्यांनाही बोलावलं होतं.

"काय निघालं रे?"

"बघतायत अजून, काकू."

हे मात्र सरळसरळ खोटं होतं. "भाकरी ठिवली हाय, खाऊन जा," त्या म्हणाल्या. नको, बोट गाठायचीय, असं म्हणत मी जिन्याच्या दिशेनं सुटलो.

बोट खाडीत निम्म्यावर आली असताना फोन वाजला. स्क्रीनवर 'काकू कॉलेज'. मी वाजू दिला. थोड्या वेळानं परत वाजला. मी तो खिशात ठेवला आणि बोटीवरच्या गाड्यांकडे बघत राहिलो. त्या रडत असतील, आणि रडणाऱ्या बाईशी काय बोलावं ते आपल्याला समजत नाही, अशी सबब मी मनाशी तयार केली. रात्री परत फोन करू म्हटलं. केला नाही.

आठवड्याभरात काकूंनी राजीनामा दिला. दिला म्हणजे घेतला. राजीनामा नाहीतर पोलीस, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. भाऊंनी फोनवर मला हे सांगितलं आणि म्हणाले, "मला अजून पटत नाही बघ. पण तूच लिहून दिलंस म्हटल्यावर आम्ही काय बोलणार?" मीही त्यांच्यासारखाच चुकचुकलो. सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाला अशी बुद्धी का व्हावी, असंही म्हणालो.

फेब्रुवारीत शिक्षकांच्या खोलीतलं मशीन प्रिंट काढेना म्हणून मला बोलावलं. दुपारची वेळ, शिक्षक वर्गांवर होते, खोली रिकामी होती. मी काळी खिडकी उघडली. लिनक्सची खोड अशी की त्याला नाव विचारावं लागत नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते आपणहून लिहून ठेवतं. आधी वापरणाऱ्याचं नाव, मग ॲटची खूण, मग मशीनचं नाव. लॉगिन सगळ्यांना एकच दिलेलं होतं, तीही माझीच सोय. त्यामुळे समोर आलं, ऑफिस ॲट काकू.

मी एंटर मारला. खाली परत ऑफिस ॲट काकू. आणखी चार-पाच वेळा मारला. दर ओळीला तेच. प्रिंटरच्या नोंदीतलं नावही हेच होतं.

उठून ऑफिसात गेलो. काकूंच्या टेबलावर आता नव्या मॅडम बसत होत्या. जरा उठता का, म्हणालो, आणि तो शब्द टाइप केला. डेस्कटॉप, रेघ, काला. पेपर या टेबलावरून छापलेला नव्हता. प्रश्नपत्रिकांचं फोल्डर मी सगळ्या मशीनांना दिसेल असं ठेवलं होतं, पासवर्ड न घालता, कारण पासवर्ड विसरल्याचे फोन मलाच येतात. शिक्षकांच्या खोलीतून कुणीही पेपर काढू शकत होतं. त्या शनिवारी तिथे कोण बसलं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. काकूंनी काढला नव्हता, एवढं मात्र पक्कं कळलं.

तेवढ्यात प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांना नवं मॅक मिळालं होतं आणि त्याचं नाव हवं होतं. मॅकवर मी सेटिंग्ज उघडली, जनरल, त्यात शेअरिंग, आणि पार तळाशी नाव. प्राचार्यांचं नाव आणि पुढे मॅकबुक. मॅक पहिल्याच दिवशी मालकाचं नाव विचारून घेतं आणि स्वतःला लावून टाकतं. प्राचार्य खूश झाले. "बघा, याला बरोबर कळतं आपण कुणाचे ते." मग चहा मागवला आणि म्हणाले, "ते काकूंचं प्रकरण तुमच्यामुळे लवकर मिटलं. नाहीतर वर्तमानपत्रात कॉलेजचं नाव आलं असतं."

तोंड उघडायला याहून सोपी वेळ मिळाली नसती. दार बंद होतं, समोर एकच माणूस होता, आणि सर, एक घोटाळा झालाय, एवढे चार शब्द होते. मी चहा प्यायलो. बिस्किटही खाल्लं.

त्यानंतर मी जे केलं ते इतकी वर्षं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी शिक्षकांच्या खोलीत परत गेलो आणि त्या मशीनचं नाव बदललं. एका ओळीचं काम. काकूच्या जागी स्टाफरूम. मशीन बंद करून परत चालू केलं आणि नवं नाव आलं का ते नीट बघितलं. जो शब्द काकूंसाठी टाइप करायला मला फुरसत नव्हती, तो मी स्वतःला वाचवायला त्या दुपारी तीन वेळा टाइप केला. मला भीती वाटली होती. कॉलेजचं काम जाईल, त्याच्यामागे दोन शाळांचं जाईल, बाजारात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. यातलं सगळं काकूंचं आधीच गेलं होतं, हे तेव्हा मनातही आलं नाही.

त्या दिवसापासून मी मशीनांना माणसांची नावं देणं सोडलं. आता नुसते नंबर देतो. 'भाऊ, ताई कुठे गेले?' असं लोक विचारतात तेव्हा, पद्धत बदलली, असं ऐटीत सांगतो. पुढच्या वर्षी मी काहीतरी कारण काढून त्या कॉलेजचं कामही सोडलं. म्हसळ्याला जाताना काकूंच्या गावाचा फाटा आला की स्कूटरचा वेग आपोआप वाढायचा. त्यांच्याबद्दल कानावर यायचंच. गावात त्यांना पेपर फोडणारी म्हणतात. हळदीकुंकवाला बोलावतात, पण त्या आल्या की बोलणं थांबतं. पुतणीच्या लग्नात त्या मागच्या रांगेत बसल्या होत्या. मी हे सगळं ऐकायचो आणि विषय बदलायचो.

अशी तीन वर्षं गेली. गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी मी अंगणात वाळत घातलेली सुपारी परतत होतो, तेव्हा फोन वाजला. काकू कॉलेज. नाव मी काढून टाकलं नव्हतं. या वेळी उचलला.

"वळखलंस का?"

"बोला ना, काकू."

"अरे, मी आता घरीच फारम भरते. गावातल्या बाया येतात. भाच्यानं जुना लॅपटॉप दिलाय, त्यात तुझं ते लिनक्स हाय. प्रिंटर जोडायला मशीनचं नाव इचारतोय. विंडोजचं माझ्या वहीत हाय, ह्याचं न्हाय."

मी त्यांना काळी खिडकी कशी उघडायची ते सांगितलं. "आता टाइप करा, होस्टनेम."

"तोच शब्द? विंडोजचाच?"

"तोच."

"अन् मॅकवर?"

"तिथंही तोच चालतो."

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. "आलं नाव," काकू म्हणाल्या. मग ते वहीत उतरवताना पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "म्हंजे कुठलं बी मशीन असू दे, अर्ध्या मिन्टात कळतंय."

"हो, काकू."

"मग तवा तू का न्हाय टाकलास रे?"

आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या, एखादी पायरी वहीत लिहायची राहिली असावी तसं. "उद्या येतो," एवढंच म्हणालो. "ये," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. भातं कापून झाली होती, शेतांत वाल वर आले होते. काकूंच्या पडवीत टेबल, त्यावर लॅपटॉप आणि प्रिंटर. केस पांढरे झाले होते, चष्मा तोच होता. मी बसायच्या आधीच त्यांनी वही उघडून पुढे ठेवली. दिवाळीच्या पानावर नव्या मशीनचं ते शिवीसारखं नाव. मग चौकशीच्या दिवसाचं पान. तेच नाव, अक्षर न् अक्षर, आणि खाली लिहिलेलं: फोन केला. उचलला नाही. परत केला. उचलला नाही.

"पेपर काकू नावाच्या मशीनवरनं निघालाय म्हनाले, त्ये ऐकून टेबलावर गेले अन् नाव बघितलं," काकू म्हणाल्या. "प्राचार्यांना वही दाखवली. म्हनाले, मला यातलं कळत न्हाय बाई, त्यानं लिहून दिलंय, त्याला सांगा बदलून द्यायला. म्हनून तुला फोन लावला."

हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो त्या रडायला फोन करत होत्या. त्या मला फक्त मशीनचं नाव सांगणार होत्या.

"मी धरून चालले, घाईत व्हतास, तुला कळलंच न्हाय," त्या पुढे म्हणाल्या. "चूक कुनाची बी व्हते."

इथे गप्प बसलो असतो तर मी घाईत चुकलेला माणूस म्हणून घरी परत आलो असतो. एक क्षण तो मोह झालाही. पण त्या वहीसमोर जमलं नाही. शिक्षकांची खोली, ऑफिस ॲट काकू, प्राचार्यांचा चहा आणि शेवटी बदललेलं नाव, सगळं सांगून टाकलं.

"कंदी कळलं तुला?"

"फेब्रुवारीत."

"कुठल्या?"

"त्याच, काकू."

त्यांनी वही मिटली. "तीन वरसं," म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. आत भांडं आपटल्याचा आवाज आला. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं, पाणी तरी आणतील. आणलं नाही. पेन घेऊन आल्या. वहीतलं मधलं कोरं पान त्यांनी जपून सुटं केलं. त्या वहीचं पान फाडलेलं मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

"तवा लिहून दिलंस ना? आता बी दे. मला नको, कॉलेजला दे. आवकचा शिक्का मारून घे अन् त्याची कॉपी मला आणून दे."

मी लिहिलं. काकूंनी टेबलाशी उभं राहूनच ते वाचलं, सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे वाचले होते तसं. एका जागी पेन टेकवलं. मी 'नजरचुकीने' असं लिहिलं होतं दोनदा. दुसरा त्यांनी काट मारून खोडला.

"पयली नजरचूक," म्हणाल्या. "दुसरी न्हाय."

कॉलेजात आता नवे प्राचार्य होते. त्यांनी पत्र वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. आता इतक्या वर्षांनी कशाला, असं काहीसं म्हणाले. ट्रस्टपुढे ठेवतो म्हणाले. ते जुनं मशीन भंगारात गेलं होतं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. कुणीतरी ओरडेल अशी मी वाट बघत होतो. भाऊंच्या जागी बसणाऱ्या क्लार्कनं कॉपीवर शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तशीच कॉपी घेऊन मी काकूंकडे गेलो. या वेळी पडवी भरलेली होती. सहा-सात बायका आधार कार्डं घेऊन बसल्या होत्या, आणि काकूंचे दीर कोपऱ्यात सुपं विणत होते. मी कागद पुढे केला. काकूंनी शिक्का बघितला आणि कागद परत माझ्या हातात दिला.

"वाच."

"तुम्ही सावकाश वाचा ना, काकू."

"माझं वाचून झालंय. ह्यांचं व्हायचं हाय. उभा ऱ्हा अन् मोठ्यानं वाच."

दिरांचा हात थांबला. मी वाचायला लागलो. मी जे लिहून दिलं होतं ते खोटं होतं. पेपर काकूंच्या मशीनवरून छापला गेला नव्हता. हे मला महिन्याभरात समजलं होतं, आणि समजल्यावर मी मशीनचं नाव बदलून ते लपवलं. इथे माझा आवाज खाली गेला. "मोठ्यानं," काकू म्हणाल्या. मी ती ओळ परत वाचली. एका बाईनं पदर तोंडाशी नेला. काकू कुणाकडेच बघत नव्हत्या. वहीवर हात ठेवून समोरच्या वालाच्या शेताकडे बघत होत्या.

आपला विश्वासू, इथे येऊन मी कागदाची घडी घालायला लागलो.

"खाली काय हाय?"

"माझं नाव, काकू."

"मग त्ये बी वाच. तवा माझं वाचलं व्हतंस."

मी वाचलं. माझं, वडिलांचं, आडनाव. पडवीच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं मान पुढे काढली. तिचं माहेर आमच्या श्रीवर्धनचं असावं.

"म्हंजे तो कंपाउंडरकडचा का ह्यो?"

मी हो म्हणणार होतो. जन्मभर तेच म्हणत आलो होतो.

"न्हाय," काकू म्हणाल्या. "आता वाचलं ना, त्येच ह्याचं नाव."